भाड्याच्या घरात सिगारेटबंदी : घरमालकांनो, या चुका टाळा

नाशिकमध्ये इंदिरानगर आणि पाथर्डी फाट्याला माझे दोन फ्लॅट भाड्याने असतात. ओळखीचे घरमालक भांडण झालं की फोन करतात, आणि सुरुवात ठरलेली असते : "सिगारेटचं आम्ही तोंडी सांगितलं होतं."

तोंडी सांगू नका. "कायदा आहेच की" हेही म्हणू नका. २००३ चा तंबाखू कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनची बंदी सार्वजनिक ठिकाणांसाठी आहे. २०० रुपयांपर्यंतचा दंड तिथला. घराच्या आत तुमचा लिव्ह अँड लायसन्स करारच कामाला येतो. तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे, तेव्हा अट त्यातच घाला.

आणि नीट घाला. माझ्या करारात "घरात धूम्रपान करू नये" एवढंच होतं. अंबड एमआयडीसीत कामाला असलेल्या दोन मुलांनी ते पाळलं आणि रोज रात्री बाल्कनीत ओढली. वरच्या मजल्यावरच्या आजींना दमा. त्या ऐन उन्हाळ्यात खिडक्या लावून बसायच्या. मी विचारायला गेलो तर मुलं म्हणाली, "काका, घरात एकदाही ओढली नाही." कागदाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. आजींना मात्र मी काय सांगणार? तेव्हापासून मी सगळं नावानिशी लिहितो : खोल्या, बाल्कनी, बाथरूम, जिना, गच्ची, सिगारेट, विडी, हुक्का, व्हेप, भाडेकरू आणि त्यांचे पाहुणेसुद्धा. वास-डाग काढायचा खर्च डिपॉझिटमधून कापला जाईल, हेही त्याच कलमात.

किल्ली देताना भिंती, छत, पडदे यांचे फोटो काढा आणि भाडेकरूला तिथेच व्हॉट्सॲप करा.

स्वतःच्या किल्लीने अचानक घरात शिरू नका. आदल्या दिवशी फोन करा.

आता रंग. धुराने पिवळ्या पडलेल्या भिंतीवर थेट रंगाचे दोन हात मारून नवीन भाडेकरू आणायची घाई मला अजिबात पटत नाही. एकदा जूनमध्ये, एका महिन्याचं भाडं बुडू नये म्हणून, मीही तेच केलं. श्रावणापर्यंत छतावर तपकिरी डाग उमटले आणि दमट हवेत वास परत आला. धुरातलं निकोटीन आणि डांबर (टार) पाण्यात कालवायच्या रंगात विरघळून वर येतं. शेवटी भाडेकरू राहत असताना सगळं घर पुन्हा रंगवावं लागलं.

आता मी आधी कोमट पाणी आणि धुण्याच्या सोड्याने भिंत खालून वर पुसतो. वरून सुरू केलं तर ओघळांचे पट्टे राहतात. साधा डिस्टेंपर पाण्याने सुटतोच, तो खरवडून काढतो. भिंत पूर्ण वाळली की डाग अडवणारा ऑइल प्रायमर, मगच रंग. पंख्याची पाती, कपाटांच्या आतली बाजू आणि एसीची जाळी धुतल्याशिवाय रंगाऱ्याला बोलावत नाही. रूम फ्रेशनरवर पैसे घालवू नका. चार दिवस खिडक्या उघड्या ठेवा आणि पाचव्या दिवशी घर बंद करून, दुसऱ्या सकाळी आत जाऊन वास घ्या.