मराठवाड्यातून प्रोफेशनल मिडफिल्डर व्हायचं असेल तर काय करायचं

आपल्याकडं फुटबॉल खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा कुठं खेळतोस, बहुतेक जण स्ट्रायकरच म्हणतात. ज्याला दुसरीकडं जागा मिळाली नाही तो मिडफिल्डला, म्हणजे डिफेन्स आणि स्ट्रायकरच्या मधे, असा एक समज आहे इकडं, तो आधी डोक्यातून काढून टाक. माझं तर स्पष्ट मत आहे की मराठवाड्यातल्या पोरासाठी हीच सगळ्यात चांगली पोझिशन आहे, कारण आपल्याकडं गावोगाव टर्फ (नकली गवताचं ग्राउंड) नाही, कोच नाहीत, पण मिडफिल्डरचं निम्मं काम डोळ्यांचं आणि डोक्याचं असतं आणि ते हिंगोलीत काय, जालन्यात काय, कुठंही शिकता येतं.

आधी नक्की कोणता मिडफिल्डर ते ठरव. सहा नंबर म्हणजे डिफेन्सच्या पुढं उभा राहून बॉल काढून घेणारा आणि साधा पास देणारा, आठ नंबर म्हणजे एका गोलसमोरच्या बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत पळणारा, दहा नंबर म्हणजे स्ट्रायकरच्या मागं खेळून बॉल सोडणारा. उंची नाही म्हणून रडू नको, फ्रान्सचा मिडफिल्डर एनगोलो कांटे केवढासा आहे बघ, फ्रान्सच्या खालच्या लीगमधून वर आला आणि २०१५-१६ ला लेस्टरसोबत इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकला, पुढच्याच वर्षी चेल्सीसोबत परत तीच लीग आणि २०१८ ला फ्रान्ससोबत वर्ल्डकप. आणि आपल्याकडचं बघायचं तर फिफाच्या वर्ल्डकपमध्ये भारताचा पहिला गोल कुणी केला, तर जॅक्सन सिंगनं, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला कोलंबियाविरुद्ध, कॉर्नरवर हेडर मारून, आणि तो डिफेन्सिव्ह मिडफिल्डर आहे. त्याच टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, म्हणजे महाराष्ट्रातलं पोरगं तिथपर्यंत जातं.

आता मेन गोष्ट, बॉल यायच्या आधी बघणं. स्पेन आणि बार्सिलोनाचा मिडफिल्डर झावी, त्याची कुठलीही जुनी मॅच लाव आणि बॉलकडं न बघता फक्त त्याच्या मानेकडं बघ, सारखी इकडं तिकडं वळत असते, बॉल पायात येईपर्यंत त्याला कळलेलं असतं कोण कुठं आहे. हे शिकायला एक भिंत आणि एक दोस्त लागतो, बस्स. भिंतीपासून सातआठ पावलांवर उभा राहा, दोस्ताला तुझ्या मागं दहा पावलांवर उभा कर. बॉल भिंतीवर मार, तो परत येतोय तेवढ्यात खांद्यावरून मागं बघ, दोस्तानं किती बोटं दाखवली ते मोठ्यानं ओरड, मग बॉल लांबच्या पायानं घे म्हणजे अंग आपोआप अर्धं वळतं, आणि दुसऱ्या टचला दोस्ताला पास. सुरुवातीला बॉल पायाखालून निघून जाईल, जाऊ दे. बोटं बघायचं सोडून बॉलकडं बघायला लागलास की त्या ड्रिलचा काही उपयोग नाही. डाव्या पायानं पण तेवढंच कर, एका पायाच्या मिडफिल्डरला समोरची टीम दहा मिनिटात ओळखते आणि एका बाजूला कोंडून टाकते.

आपल्या काळ्या मातीच्या ग्राउंडवर बॉल वेडावाकडा उडतो, त्यामुळं पहिला टच बरा होतो हे खरंय, पण एक सवय वाईट लागते, पोरं बॉल हवेतच मारत राहतात. मोठ्या ट्रायलला (निवड चाचणीला) गवतावर किंवा टर्फवर बॉल सरकत जोरात येतो आणि तिथं आपला पोरगा चुकतो, म्हणून महिन्यातून दोनचारदा तरी जवळच्या शहरातल्या टर्फवर पैसे काढून खेळा. कडक जमिनीवर लांब स्टडचे बूट घालू नको, टाच आणि घोटा जातो, बारीक रबरी स्टडचे घे. प्रो मिडफिल्डर एका मॅचला १० ते १२ किलोमीटर पळतो, पण सलग नाही, स्प्रिंट मारायची, थांबायचं, वळायचं, परत मारायची, त्यामुळं नुसतं रोडवर जॉगिंग करून भागत नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन वर यायच्या आत संपव, पाण्यात मीठ-साखर-लिंबू घाल. खायला ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, अंडी, डाळ, हेच नीट पोटभर खा, पावडरचे डबे लागत नाहीत.

रस्ता कसाय तर शालेय स्पर्धा, तालुका, जिल्हा, मग विभाग (आपले दोन, संभाजीनगर आणि लातूर), मग राज्य. सुब्रतो कप ही देशपातळीवरची स्पर्धा पण शाळेच्याच टीमची, १९६० पासून चालू आहे. संभाजीनगरला असशील तर आमखास ग्राउंडवर मोठ्या माणसांत घुसून खेळ, तिथं विचार करायला वेळच मिळत नाही आणि तेच पाहिजे. पण एवढ्यावर थांबू नको, चांगल्या रेसिडेन्शियल अकॅडम्या लहान वयातच पोरं उचलतात, दहावीनंतर बघू म्हणलं की उशीर झालेला असतो. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स स्कॉलरशिपवर पोरं घेतं, जमशेदपूरला टाटा फुटबॉल अकॅडमी १९८७ पासून आहे, ट्रायलच्या तारखा त्यांच्या ऑफिशियल पेजवर बघ, व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नको.

कागदपत्रं आजच काढ. इकडं अर्ध्या पोरांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली असते आणि नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर दुसरीच असते, ते वेळेत दुरुस्त करून घे. वय चोरायचा तर विचारच नको, मनगटाचा एक्सरे काढून वय तपासतात आणि करिअर तिथंच संपतं.

ट्रायलला आदल्या दिवशी पोहोच. देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर उभं राहून सकाळी थेट ग्राउंडवर गेलास तर पाय उचलणारच नाहीत. तिथं अनोळखी पोरांत वीसेक मिनिटं मिळतात, जो तो ड्रिबल मारत असतो, तू बोल. आपली पोरं लाजतात, पण 'मॅन ऑन' (मागं माणूस आहे), 'टर्न' (वळ, मोकळा आहेस), 'टाईम आहे' असं मोठ्यानं सांगणारा मिडफिल्डर कोचच्या लगेच डोळ्यात भरतो. बॉल गेला की पहिल्या तीन सेकंदात परत मिळवायला धाव, आणि पोझिशन विचारली तर 'कुठंही खेळतो' म्हणू नको, एकच सांग.

आता आईवडिलांसाठी. काका, मावशी, शिक्षण सोडू देऊ नका. भारतात क्लब बंद पडतात, पुण्याचा आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लब २०१९ ला गेला, २०२५-२६ चा आयएसएल सीझन तर वेळेवर सुरूच झाला नाही आणि प्लेअर ताटकळत बसले. डिग्री असली आणि राज्य पातळीवरचं सर्टिफिकेट असलं तर सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आहे, नियम जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन विचारा. पोरीला पण तेवढंच खेळू द्या, आरक्षण तिलाही आहे. आणि ट्रायलची छोटी फी ठीक आहे, पण सिलेक्शन करून देतो म्हणून कुणी लाखात मागितले तर तिथूनच उठून या. एजंट म्हणवणाऱ्याचं नाव फिफाच्या वेबसाईटवर लायसन्सवाल्यांच्या यादीत शोधा, नसेल तर सही करू नका, आणि ज्या कागदावर सही कराल त्याची झेरॉक्स त्याच दिवशी घरी आणा.