थायलंडात राहायला आलात? ‘आपल्यासारखंच तर आहे’ म्हणून होणाऱ्या या चुका टाळा

थायलंडातल्या सी राचात राहून मला आता आठ वर्षं होत आली. चिंचवडहून दोन वर्षांसाठी म्हणून आलो आणि राहिलोच. इथे आजूबाजूला गाड्यांचे पार्ट बनवणारे कारखाने भरपूर, त्यामुळे दर थोड्या महिन्यांनी पुण्याहून कोणीतरी नवीन येतं आणि पहिल्या महिन्यातले सगळे फोन मलाच. “दादा, व्हेज सांगितलं तरी कोळंबी निघाली”, “दादा, टॅक्सीवाल्याला कळतच नाहीये.” गंमत अशी की इथे जपानी लोक आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत पण ते असे कमी फसतात, कारण त्यांना सगळंच परकं वाटतं, ते विचारून करतात. आपल्याला भात, देवळं, गणपती, डावीकडून गाड्या, अगदी संडासात पाण्याचा फवारासुद्धा (हे सुख किती मोठं ते युरोपात राहिलेल्यांना विचारा) सगळं ओळखीचं दिसतं, आणि तिथेच आपण गंडतो.

आता भाषाच घ्या ना. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. आपण ते मस्त शुद्ध उच्चारात टॅक्सीवाल्याला सांगतो आणि तो बघत बसतो, कारण तो म्हणतो सुवान्नाफूम. स्पेलिंग संस्कृतचं ठेवायचं आणि अर्धी अक्षरं बोलताना गिळायची ही थाई पद्धत. आमचं सी राचा म्हणजे सुद्धा श्रीराजाच. तर शब्द ओळखा, पण बोलायचं त्यांच्यासारखं. वेला म्हणजे वेळ, रोत म्हणजे गाडी (रथ!), फासा म्हणजे भाषा, आहान म्हणजे जेवण. महिने तर आपल्या राशींवरूनच आहेत, जानेवारी मकराखोम, फेब्रुवारी कुंफाफान, मार्च मीनाखोम, एप्रिल मेसायोन, आणि शेवटी खोम आलं की ३१ दिवस, योन आलं की ३०. वारांमध्ये आथित म्हणजे आदित्य, चान म्हणजे चंद्र, फुत म्हणजे बुध. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं कॅलेंडर फुकटात पाठ होतं.

फसवतात ते सूर. क्लाय सरळ सपाट म्हटलं की लांब, आणि वरून खाली आवाज टाकत म्हटलं की जवळ. म्हणजे नेमका उलटा अर्थ! मी पहिल्या वर्षी ‘जवळच आहे’ समजून भर एप्रिलच्या उन्हात चाळीस मिनिटं चाललोय. तेव्हापासून लांब-जवळ विचारतच नाही, “की नाथी?” विचारतो, म्हणजे किती मिनिटं. आकडे चुकत नाहीत. आणि एक, वाक्याच्या शेवटी पुरुषांनी ख्रप आणि बायकांनी खा लावायचं असतं. आमच्या ओळखीतल्या एका वहिनी नवऱ्याकडून थाई शिकल्या आणि सहा महिने बाजारात सगळ्यांना ख्रप ख्रप करत होत्या, कोणी हसलं नाही पण कोणी सांगितलं पण नाही.

सांगत नाहीत, हा इथला मोठा मुद्दा आहे. फोनवर समोरचा “ख्रप, ख्रप” म्हणतो ते आपल्या “हं, हं” सारखं असतं, ऐकतोय एवढाच अर्थ, होकार नाही. मी शुक्रवारी जिग (काम करताना पार्ट धरून ठेवायचं साधन) पाहिजे म्हणून सांगितलं, ख्रप ख्रप झालं, शुक्रवारी जिग नाही. त्यांच्याकडे क्रेंग जाय म्हणून प्रकार आहे, समोरच्याला अवघडल्यासारखं व्हायला नको, त्याला त्रास नको म्हणून माणूस नाही म्हणायचंच टाळतो. त्यामुळे ‘होईल का’ असा प्रश्न विचारूच नका, त्याला उत्तर होच येणार. ‘आधी काय करावं लागेल, मटेरियल कुठंय, कोण करणार’ असं विचारा आणि जे ठरलं ते लाइन ॲपवर लिहून पाठवा (व्हॉट्सॲप इथे फक्त आपल्याच लोकांसाठी, थाई माणूस लाइनवर). आणि चारचौघांत आवाज चढवायचा नाही म्हणजे नाही. आपल्याकडे शॉपफ्लोरवर सुपरवायझर ओरडतो आणि दुपारी त्याच माणसाबरोबर चहा पितो, इथे तसं केलंत तर समोरचा हसेल, माय पेन राय (काही हरकत नाही) म्हणेल, आणि त्यानंतर तुमचं एकही काम मनापासून करणार नाही. चारचौघांत त्याची लाज काढलीत ना, संपलं. काही बोलायचं असेल तर बाजूला घेऊन, हळू आवाजात. हाक मारताना वयाने मोठ्याला फी, लहान असेल तर नोंग, हे आपल्या दादा-ताईसारखंच आहे आणि हे मात्र बिनधास्त वापरा, कामं पटापट होतात.

वेळेचा घोळ तर विचारू नका. रोजच्या बोलण्यात थाई लोक रात्रीचे तास सातपासून नव्याने मोजतात. सोंग म्हणजे दोन, पण सोंग थुम म्हणजे रात्रीचे आठ. साम थुम म्हणजे नऊ. मध्यरात्रीनंतर पुन्हा ती नेउंग, ती सोंग, म्हणजे पहाटेचा एक, दोन. आमच्यातल्या एका पोराने व्हॅनवाल्याचं “साम” एवढंच ऐकून दुपारचे तीन समजले, व्हॅनवाला म्हणाला होता ती साम, तो बिचारा पहाटे तीनला खाली उभा राहून हॉर्न वाजवतोय आणि हा वर झोपलेला! मेसेजमध्ये १५:०० असं लिहूनच घ्या. वर्षाचं पण तसंच, इथे बुद्ध संवत चालतो, आपल्या सनात ५४३ मिळवायचे. २०२५ म्हणजे २५६८. पाकिटावर तारखेच्या शेवटी ६८ दिसलं की ते हे. फॉर्मवर जन्मसाल विचारलं तर आधी बघा कुठलं मागतायत ते.

बरं, खाणं. सगळ्यात जास्त फोन याचेच. ‘नो मीट’ म्हटलं की थाई माणूस मांसाचे तुकडे काढतो, बाकी सगळं तसंच. नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस, तो आपल्या मिठासारखा सगळ्यात पडतो. पालेभाजी परतली की त्यात नाम मान होय, कालवांचा सॉस. सोम ताम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, तिच्यावर सुकी कोळंबी. आणि ती लाल-हिरवी वाटलेली चटणी, नाम फ्रिक, दिसते अगदी ठेच्यासारखी, मी पहिल्यांदा पोळीबरोबर खायला घरी आणली होती, पण तिच्यात बहुतेक वेळा कापी असतं म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा. मला चालतं, पण माझ्या बायकोला नाही, तो डबा शेजारी गेला. उपाय एक शब्दाचा आहे, “किन जे”. जे म्हणजे मांस-मासे-अंडं-दूध काही नाही, आणि कांदा-लसूण पण नाही, म्हणजे चातुर्मासवाल्यांची सोयच झाली. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं, बघायला साधारण इंग्रजी १७ आकड्यासारखी दिसतात, ती पाटी ओळखायला शिका, दुकानातल्या पाकिटांवर पण असते. ऑक्टोबरच्या आसपास नऊ दिवस जेचा सण असतो, फुकेतचा तर प्रसिद्धच आहे, तेव्हा आमच्या गल्लीत सुद्धा पिवळे झेंडे लागतात आणि तेवढे दिवस आमच्याकडे स्वयंपाक बंद. दुसरा शब्द मांगसाविरात, तो सरळ मांस-विरति, पण त्यात अंडं येऊ शकतं. आणि नेहमीच्या गाड्यावर जायचं असेल तर “माय साय नाम प्ला, माय साय नाम मान होय” (माय साय म्हणजे घालू नका) पाठच करा, तरीही कढई तीच असणार हे धरून चाला, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

घरी करू म्हणाल तर बहुतेक उंच बिल्डिंगमध्ये गॅस चालत नाही, इंडक्शन असतं, त्यामुळे पुण्याहून कुकर आणताना इंडक्शनचं बूड असलेलाच आणा. छोट्या स्टुडिओत मिरच्यांची फोडणी घालताना आधी बाल्कनीचं दार उघडा. मालकाने लिफ्टमध्ये ड्युरियन आणू नये अशी पाटी लावलीय, हिंगाची अजून लावली नाही एवढंच. डाळी-मसाल्यासाठी बँकॉकला फाहुरातला एक चक्कर, तिथे सगळं मिळतं.

घर घेताना भाड्यापेक्षा विजेचा दर आधी विचारा. सरकारी दर युनिटला साधारण चार बाटच्या आसपास, पण बरेच मालक सात-आठ लावतात आणि एसी दिवसभर चालला की भाड्यातली सगळी घासाघीस तिथे वसूल होते. बिल थेट वीज कंपनीचं येणार का ते विचारा. डिपॉझिट सहसा दोन महिन्यांचं मागतात. माझ्या पहिल्या मालकिणीने भिंतीवरच्या जुन्या डागाचे पैसे कापले कारण मी आत शिरताना फोटोच काढले नव्हते, आता मी नळाच्या तोटीचा सुद्धा फोटो काढतो.

आणि मालकाला तिथल्या तिथे विचारायचं, टीएम ३० भरणार ना? परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत इमिग्रेशनला कळवायची जबाबदारी घरमालकाची, पण त्याने नाही केलं तर पुढे खिडकीवर तुमचंच काम अडतं. दुसरं, दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवायचा, तो फॉर्म टीएम ४७. ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत, दिवस मोजा. १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत देता येतं, त्यानंतर स्वतः गेलात तरी २,००० बाट. मी भरलेत. आणि देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी शून्यापासून सुरू.

पण सगळ्यात महाग चूक रिएन्ट्रीची. तुमचा मुक्काम वाढवून मिळालाय, शिक्का बसलाय, गणपतीला घरी जायचं तिकीट झालंय, आणि रिएन्ट्री परमिट न घेता विमानात बसलात की तो शिक्का गेला, परत आल्यावर सगळं पहिल्यापासून. एकदाचं परमिट १,००० बाट, कितीही वेळांचं ३,८००. विसरलात तर सुवर्णभूमीवर पासपोर्ट तपासणीच्या आधी त्याचं काउंटर आहे, पण तिथल्या रांगेवर भरवसा ठेवून उशिरा पोचू नका. ओव्हरस्टेला दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००, तर ‘दोन दिवसांनी काय होतंय’ नको, शिक्का पासपोर्टवर राहतो. परत येताना डिजिटल अरायव्हल कार्ड (१ मे २०२५ पासून) यायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. आणि भावाला सांगा व्हेप आणू नकोस म्हणून, इथे त्यावर बंदी आहे, पोलिसांनी पकडलं तर मी येणार नाही सोडवायला.

राजघराण्याबद्दल गमतीत सुद्धा काही बोलू-लिहू नका, कलम ११२ खाली एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं आहेत. नोट वाऱ्याने उडाली तर पायाने दाबायची नाही, तिच्यावर राजाचा फोटो असतो. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागलं की जिथे असाल तिथे थांबा.

देवाधर्मात तर आपण आणखीच घरच्यासारखे वागतो. आई आली होती तेव्हा पहाटे भिक्खू भिक्षेला निघालेले (त्याला बिंथाबात म्हणतात, म्हणजे पिंडपात), आई हरखली, भात वाढला आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेली. ते झटकन मागे सरले. बाईने भिक्खूला स्पर्श करायचा नसतो. आईला वाटलं आपलं काहीतरी चुकलं म्हणून ती दिवसभर गप्प. शेजारच्या आजीने संध्याकाळी खानोम तोम आणून दिले, आत नारळ-गूळ भरलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, वरून पुन्हा नारळ, इथे गणपतीला पण दाखवतात, फ्रा फिकानेत म्हणतात त्याला. आई खाऊन म्हणाली, मोदकच की गं हे, पाकळ्या तेवढ्या नाहीत. त्या दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण तासभर बसल्या होत्या. बाकी पोरांच्या डोक्यावर कौतुकाने हात ठेवायची आपली सवय ओळख असल्याशिवाय नको, डोकं इथे पवित्र, आणि देवळात बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. इमारतीबाहेरच्या छोट्या खांबावरच्या घरात केळी, सरबत ठेवलेलं असतं, तो प्रसाद नाही, जागेच्या देवतेचं आहे ते. माझ्या मुलाने एकदा उचललं होतं केळं. वॉचमन लुंगने (लुंग म्हणजे काका) त्याच्याकडून हात जोडून माफी मागून घेतली, मग त्याला दुसरं केळं दिलं.

राहिली स्कूटर. डावीकडून चालवतात म्हणून लोक पुण्याच्या साध्या लायसनवर लगेच भाड्याची गाडी काढतात. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट घेऊन या आणि त्यात दुचाकीचा शिक्का आहे ना बघा, नुसतं चारचाकीचं असेल तर अपघात झाल्यावर इन्शुरन्स कंपनी तेच कारण पुढे करते. राहणारच असाल तर थाई लायसन काढा, पहिलं दोन वर्षांचं मिळतं, पुढचं पाच वर्षांचं. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही, दंड २,००० बाटपर्यंत. फोनमध्ये १६६९ ॲम्ब्युलन्स, १९१ पोलीस, ११५५ टुरिस्ट पोलीस हे नंबर टाका, आणि घराचा पत्ता थाई अक्षरांत लिहून त्याचा फोटो ठेवा. मराठी उच्चारातला पत्ता त्या ॲम्ब्युलन्सवाल्याला काही कळणार नाही.