खेळण्यांच्या आधी त्यांच्याखालची जमीन तपासा: उद्यान आणि स्प्लॅश पॅडची पाहणी

सोसायटीच्या किंवा नगरपालिकेच्या बागेत नवी खेळणी बसतात तेव्हा बजेटचा मोठा भाग रंगीत घसरगुंडीवर जातो आणि खाली पेव्हर ब्लॉक तसेच राहतात. खेळणं कितीही भारी असलं तरी मूल पडतं ते जमिनीवर. गंभीर इजा होते ती डोकं किंवा हात कोब्यावर आदळल्याने. म्हणून पाहणीची सुरुवात खालून करा. सोबत पाच मीटरचा टेप, एक हातोडी आणि लांब स्क्रूड्रायव्हर असू द्या.

आधी पडण्याची उंची काढा. घसरगुंडीत ती सगळ्यात उंच प्लॅटफॉर्मपासून आणि चढायच्या खेळण्यात सगळ्यात वरच्या भागापासून जमिनीपर्यंत मोजतात. झोक्यात मात्र पाटापासून नव्हे, तर वरच्या बिजागरीपासून मोजायची, कारण पूर्ण झोक्यात असलेलं मूल तेवढ्या उंचीवरून फेकलं जाऊ शकतं. इथेच सर्वाधिक चुका होतात. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेनुसार 23 सेंटीमीटर दबलेली वाळू साधारण 1.2 मीटर उंचीपर्यंतच पुरते, तेवढेच लाकडी चिप्स 3 मीटरपर्यंत पुरतात. बिजागरी 2.4 मीटरवर असलेल्या झोक्याखाली एवढी वाळू कमी पडते. तिथे चिप्स टाका किंवा त्या उंचीसाठी तपासलेलं रबर बसवा.

सुटा थर भरताना 30 सेंटीमीटर टाकला तर तो दबून 23 वर येतो. वाळू धुतलेली, मातीविरहित हवी. मातीचा अंश असलेली वाळू पावसाळ्यानंतर मुरमासारखी घट्ट होते. दर महिन्याला स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा: सहज आत गेला नाही तर वाळू खणून मोकळी करायची वेळ झाली. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी पायांनी खड्डा पडतोच, तिथला थर दर आठवड्याला सारखा करावा लागतो. चिप्स पावसात कुजतात, म्हणून खाली खडीचा थर आणि पाण्याचा निचरा ठेवा.

रबर टाइल्स घेताना ठेकेदाराकडे चाचणीचं प्रमाणपत्र मागा. त्यावर टाइलची जाडी आणि ती किती उंचीपर्यंत सुरक्षित आहे हे दोन्ही आकडे हवेत. डोक्याच्या इजेचा निर्देशांक 1000 पेक्षा आणि धक्का 200 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 200 पट) पेक्षा कमी, ही त्यामागची अट आहे. जॉगिंग ट्रॅकचं पातळ रबर चालत नाही. ते पाय घसरू देत नाही, पण आदळणारं डोकं वाचवत नाही.

मोकळी जागाही मोजा. बहुतेक खेळण्यांभोवती सगळीकडून 1.8 मीटर सोडा. झोक्याला पुढे आणि मागे बिजागरीच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे 2.4 मीटरच्या झोक्याला दोन्हीकडे 4.8 मीटर. या पट्ट्यात बाक, झाडाचा कट्टा, कुंपण काही नको. एका चौकटीत दोनच पाट ठेवा. तिसरा बसवला की मधल्या मुलाला उतरायला सुरक्षित जागा राहत नाही.

आता फटी. मुलाचं धड पाय आधी टाकून आत जातं, मग डोकं अडकतं आणि शरीर मानेवर लोंबकळतं. म्हणून 89 ते 229 मिलिमीटरच्या दरम्यानची, चहूबाजूंनी बंद असलेली फट धोक्याची. प्लायवूडचा 89 × 157 मिलिमीटरचा ठोकळा आणि 229 मिलिमीटर व्यासाची चकती कापून घ्या. ठोकळा आत गेला आणि चकती अडली, तर ती फट दुरुस्त करायला लावा. कठड्याच्या उभ्या दांड्या, शिडीच्या पायऱ्यांमधली जागा आणि दोरीची जाळी इथे हे हमखास सापडतं. कठड्याला आडव्या दांड्या नकोत, त्यांची शिडी होते.

घसरगुंडीच्या माथ्याशी जिथे पत्रा आणि खांब मिळतात तिथली बारीक फट ओढणीसाठी सापळा असते. टोक अडकतं आणि मूल खाली सरकतं. जॅकेटची नाडी, गळ्यातली पाण्याची बाटली यांचंही तेच. ओढणीचं टोक तिथून ओढून बघा, अडकलं तर फट वेल्डिंगने भरून घासून घ्या. झोक्याच्या साखळीचे एस-हूक एक मिलिमीटरपेक्षा जास्त उघडे नकोत. खांब जमिनीत जातो तिथे हातोडीने ठोका, आवाज बद्द आला तर आतून गंजला असण्याची शक्यता आहे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत गरम जस्तात बुडवलेला पाइपच घ्यावा, नुसता रंग टिकत नाही. विदर्भात मे महिन्यात स्टीलची घसरगुंडी आणि गडद रबर दुपारी भाजतात. घसरगुंडीचं तोंड उत्तरेकडे करा, वर सावली द्या.

सुगम्यता फाटकापासून सुरू होते. जनावरं आणि दुचाकी अडवायला बसवलेलं चक्री किंवा नागमोडी फाटक व्हीलचेअरलाही अडवतं. बाजूला किमान 900 मिलिमीटर मोकळं दार द्या आणि ते कुलूपबंद ठेवू नका. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागांना लागू आहे, तरीही हे दार सगळ्यात जास्त राहून जातं. आत खेळण्यापर्यंत दीड मीटर रुंद, कडक वाट लागते, कारण वाळूत चाक रुततं. जमिनीवरच्या वाटेचा उतार 1:16 पर्यंत, खेळण्यावर चढणाऱ्या रॅम्पचा 1:12 पर्यंत. खेळाच्या टेबलाखाली गुडघ्यांसाठी 61 सेंटीमीटर उंची हवी. पाठीला टेकू आणि पट्टा असलेला एक झोका इतर झोक्यांच्या शेजारीच बसवा, वेगळ्या कोपऱ्यात नको.

स्प्लॅश पॅड म्हणजे फवाऱ्यांखाली खेळायची फरशी. तिच्यावर पाणी साचत नाही म्हणून ती निर्धोक समजतात. पण बहुतेक ठिकाणी टाकीतलं तेच पाणी पुन्हा उडतं, आणि मुलांच्या अंगावरून वाहिलेलं पाणी मुलांच्याच तोंडात जातं. 2005 मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या सेनेका लेक उद्यानात अशाच पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी पसरला आणि दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. हा जंतू नेहमीच्या क्लोरीनमध्ये अनेक दिवस तगतो. म्हणून पुनर्वापराच्या यंत्रणेत फिल्टर आणि क्लोरीनसोबत अल्ट्राव्हायोलेट किरणांची यंत्रणा हवीच. मोकळं (जंतू मारायला शिल्लक असलेलं) क्लोरीन किमान 1 पीपीएम (दहा लाखांत एक भाग), पीएच 7.0 ते 7.8. फवाऱ्यात आणि उन्हात क्लोरीन उडून जातं, म्हणून नमुना नोझलमधून घ्या, टाकीतून नव्हे, आणि उघडण्यापूर्वीच्या मापावर दिवसभर विसंबू नका.

फरशीला मीटरला 2 सेंटीमीटर उतार द्या. पाणी निचरतं आणि व्हीलचेअरही ओढली जात नाही. गुळगुळीत टाइल टाळा, शेवाळ दररोज घासा. पाणी उताराने टाकीत जाऊ द्या. पंपाची ओढ थेट जमिनीतल्या जाळीला नको, केस किंवा अंग चिकटतं. पंप आणि दिव्यांच्या वीजजोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

फाटकावर मराठीत फलक लावा: जुलाब झालेल्या मुलाला पाण्यात आणू नका, आणि निदान क्रिप्टोस्पोरिडियमचं असेल तर जुलाब थांबल्यानंतरही दोन आठवडे आणू नका. डायपर बदलण्याची जागा आणि हात धुण्याचा नळ पॅडपासून दूर हवा, नाहीतर पालक काठावरच बदलतात. कुणाला जागेवर जुलाब झाले, तर फवारे बंद करून पॅड रिकामं करा. ते पाणी पुन्हा वापरात घेण्याआधी टाकी क्लोरीनच्या जास्त मात्रेने निर्जंतुक करावी लागते.