‘मैत्री’ कोरलेला दगड कसा वाचावा

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या वुडलॉन दफनभूमीत एकाच स्मारकावर दोन बायकांची नावं आहेत: कॅरी चॅपमन कॅट आणि मेरी गॅरेट हे. अमेरिकेतल्या स्त्रियांना १९२० साली मताधिकार मिळाला, तेव्हा कॅरी त्या लढ्याची म्होरकी होती आणि मेरी तिचा उजवा हात. खाली कोरलेल्या ओळीचा आशय असा, की इथे दोघी विसावल्या आहेत, एका थोर कार्याच्या अखंड सेवेतून ३८ वर्षं मैत्रीने बांधलेल्या.

कॅरीची दोन लग्नं झाली होती. दोन्ही नवरे तिच्याआधी गेले. मेरी गेली १९२८ मध्ये. १९४७ मध्ये कॅरीला मूठमाती मिळाली ती मेरीच्या शेजारी, कारण तिला तेच हवं होतं.

मताधिकाराच्या चळवळीत बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका बऱ्याच होत्या. त्यांच्या थडग्यांवर तसं उघड लिहिलेलं मात्र सापडत नाही. ते वाचायला थोडी युक्ती लागते.

१. एकच थडगं निवडा आणि आधी जागा पक्की करा

आपण किंवा आपलं कुणी राहतं त्या शहरापासून सुरुवात करावी. ‘फाइंड अ ग्रेव्ह’सारख्या संकेतस्थळावर नाव आणि मृत्यूचं वर्ष टाकलं की बहुतेक वेळा फोटो मिळतो. तेवढ्यावर निघू नका. वुडलॉन ४०० एकरांचं आहे, नुसत्या फोटोवरून थडगं शोधायला गेलात तर संध्याकाळ होईल. दफनभूमीच्या कार्यालयाला आधी ईमेल करून विभाग आणि प्लॉटचा क्रमांक मागून घ्या.

२. शब्दांआधी आकडे वाचा

कॅरी-मेरीच्या दगडावरची ३८ वर्षं १९२८ मधून वजा करा. उरतात १८९०. त्याच वर्षी कॅरीने जॉर्ज कॅटशी दुसरं लग्न केलं होतं! म्हणजे मैत्रीची मोजणी तिने नवरा गेल्यापासून केलेली नाही, संसाराची वर्षंही तिच्यात धरली आहेत. दगडावरचा ‘मैत्री’ हा शब्द सोज्वळ आहे, आकडा तेवढा सोज्वळ नाही. म्हणून कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि जन्म, लग्न, मृत्यू अशा सगळ्या तारखा एकाखाली एक मांडा.

३. शेजार पाहा

लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये सेंट जॉन चर्चच्या दफनभूमीत ईव्हा गोअर-बूथ आणि एस्थर रोपर यांचं थडगं आहे. ईव्हा आयर्लंडमधल्या जमीनदारांची लेक आणि कवयित्री, एस्थर मँचेस्टरची कार्यकर्ती. १८९६ मध्ये इटलीत दोघींची गाठ पडली आणि ईव्हा घर सोडून मँचेस्टरला आली. पुढे १९०८ च्या पोटनिवडणुकीत बारमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या रोजगारासाठी दोघी विन्स्टन चर्चिलच्या विरोधात उतरल्या. ईव्हाची बहीण कॉन्स्टन्स चार पांढऱ्या घोड्यांची गाडी हाकत प्रचाराला आली होती. चर्चिल हरला.

ईव्हा १९२६ मध्ये गेली, एस्थर १९३८ मध्ये. मधे बारा वर्षं गेली, तरी थडगं एकच. त्यावर सॅफोची म्हणून ओळखली जाणारी एक ओळ आहे: जे जीवन प्रेम आहे, तेच देव. सॅफो ही लेस्बॉस बेटावरची प्राचीन ग्रीक कवयित्री, ‘लेस्बियन’ हा शब्द त्याच बेटावरून आला. चर्चच्या आवारात बायबल सोडून सॅफोच्या नावावरची ओळ निवडणं मला तरी सहज घडलेलं वाटत नाही.

४. दगड गप्प असेल तर मृत्युपत्र काढा

ही पायरी सर्वांत कामाची. पंजाबच्या शीख राज्याचे शेवटचे महाराजा दुलीप सिंग यांची मुलगी सोफिया मताधिकारासाठी ब्रिटिश सरकारशी भांडली, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. तिची थोरली बहीण कॅथरीनही त्याच चळवळीतली, पण कायद्याच्या चौकटीत राहणाऱ्या गटातली. लीना शेफर ही तिची जर्मन शिक्षिका. पुढे दोघींनी जर्मनीतल्या कासेलमध्ये एकत्र घर केलं. लीना १९३७ मध्ये वारली, कॅथरीन इंग्लंडला परतली आणि १९४२ मध्ये गेली. आपल्या राखेचा चौथा हिस्सा कासेलला, लीनाच्या शवपेटीच्या जमेल तितक्या जवळ पुरावा, असं तिने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. ती गेली तेव्हा इंग्लंड-जर्मनी युद्ध ऐन भरात होतं.

या घराण्याला अस्थींचा प्रवास नवा नव्हता. कॅथरीनची आजी, महाराणी जिंद कौर, १८६३ मध्ये लंडनला वारल्या. दुलीप सिंगांनी पुढच्या वर्षी त्यांचा देह मुंबईला आणला आणि नाशिकला गोदाकाठी अग्नी दिला. तिथे समाधीही बांधली. १९२४ मध्ये कॅथरीनची बहीण बांबा हिने आजीच्या अस्थी लाहोरला, रणजित सिंगांच्या समाधीपाशी नेल्या.

इंग्लंड आणि वेल्समधली १८५८ पासूनची मृत्युपत्रं सरकारी सूचीत ऑनलाइन शोधता येतात. शुल्क भरलं की प्रत मिळते. मृत्यूच्या वर्षात नाव सापडलं नाही तर पुढची दोन-तीन वर्षंही पाहा, नोंद बरेचदा उशिरा होते. ‘दुलीप सिंग’सारखं आडनाव इंग्रज कारकुनाने कुठल्या अक्षराखाली टाकलं असेल याचा भरवसा नाही, D आणि S दोन्हीकडे शोधा.

५. थडगंच नसेल तर

एथेल स्मिथ या इंग्लिश संगीतकार बाईने मताधिकार चळवळीचं कूचगीत रचलं आणि १९१२ मध्ये तुरुंगाच्या खिडकीतून दात घासायच्या ब्रशने त्याचा ताल धरला. तिची राख इंग्लंडमधल्या वोकिंगजवळच्या रानात विखुरली. तिला भेटायचं तर वोकिंग गावातला पुतळा गाठा, तो २०२२ चा आहे. लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये मताधिकार चळवळीची नेती मिलिसेंट फॉसेट हिच्या पुतळ्याचा चौथराही बारकाईने पाहा. त्यावर ईव्हा, एस्थर आणि सोफिया, तिघीही आहेत.

६. दगडाला जपा

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये अमेरिकन मताधिकार चळवळीची नेती सुझन बी. अँथनी हिच्या दगडावर मतदार ‘मी मत दिलं’ असे स्टिकर चिकटवतात. गोंदाने आणि तो काढण्याच्या खटाटोपाने संगमरवर खराब व्हायला लागला, म्हणून २०२० मध्ये त्यावर प्लास्टिकचं आवरण घालावं लागलं. तेव्हा स्टिकर नकोत, अक्षरं उठावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळणं नको, तारेचा ब्रश तर नकोच. पुसट अक्षरांवर बाजूने तिरपा टॉर्च मारा, छान वाचता येतात. फूल ठेवायला हरकत नाही.

७. नोंद लिहिताना

‘क्वीअर’ (ज्यांचं प्रेम किंवा ओळख स्त्री-पुरुषाच्या रूढ चौकटीत बसत नाही) हा आपल्या काळातला शब्द, त्या बायका स्वतःला तसं म्हणत नव्हत्या. लेखात तो वापरा, पण पुरावाही सांगा: किती वर्षं एकत्र राहिल्या, कोणी कोणाशेजारी जागा मागितली. ‘जिवलग मैत्रिणी’ म्हणून विषय गुंडाळू नका, आणि हाती कागद नसताना ‘पत्नी’ही लिहू नका. फोटो टाकताना प्लॉटचा क्रमांक आणि दोघींचीही पूर्ण नावं द्या, म्हणजे लीनाला शोधणाऱ्याला कॅथरीन सापडेल.