नॅट्सचा वार्षिक अहवाल कसा वाचावा

ब्रिटनच्या आकाशातली विमानं सांभाळणाऱ्या नॅट्सचा वार्षिक अहवाल उघडला की पहिल्या पानावरचा नफा बघून मत बनवू नका. या धंद्यात गिऱ्हाइकाला दुसरं दुकान नाही, दर नियामक ठरवतो आणि वाहतूक घटून झालेल्या तुटीचा बराचसा भाग दोन वर्षांनी वसूल होतो. नफा चांगल्या कामामुळे वाढला की जुन्या वसुलीमुळे, हे आधी सोडवून घ्यायचं. त्यासाठी निदान चार वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवा.

हिशेबाचं वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं, दर मात्र जानेवारी ते डिसेंबरचे. म्हणजे एकाच वर्षाच्या उत्पन्नात नऊ महिने जुना दर आणि तीन महिने नवा दर. हे विसरून उत्पन्नाला त्या वर्षाच्या दराने भागायला गेलात तर उत्तर कधीच जुळणार नाही.

मग नॅट्समधल्या दोन कंपन्या वेगळ्या करा. एनईआरएल ही स्वॉनविक आणि प्रेस्टविकच्या केंद्रांमधून मार्गस्थ विमानं सांभाळते. ती मक्तेदारी आहे आणि तिचे दर सीएए हा नियामक बांधून देतो. एनएसएल विमानतळांचे टॉवर कंत्राटाने चालवते आणि तिथे खरी स्पर्धा आहे. गॅटविकचा टॉवर २०१६ मध्ये डीएफएस या जर्मन हवाई नियंत्रण कंपनीच्या उपकंपनीकडे गेला आणि २०२२ मध्ये परत आला. एनएसएलचा नफा कंत्राटांवर हलतो, एनईआरएलचा नियमांवर. दोन्हींची बेरीज बघून काहीच कळत नाही. (भारतात बरेचसे विमानतळ आणि हवाई वाहतूक नियंत्रण दोन्ही भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहेत, त्यामुळे तिथे ही फोड आणखी अवघड.)

आता मुख्य मोजमाप, सर्व्हिस युनिट. याला दराने गुणलं की विमानाचं बिल. ब्रिटनच्या हवाई हद्दीत शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा बिंदू यांतलं सरळ अंतर किलोमीटरमध्ये घ्या आणि १०० ने भागा. उड्डाण किंवा अवतरण त्याच हद्दीत असेल तर प्रत्येकी २० किलोमीटर आधी वजा करा. विमानाचं कमाल उड्डाण वजन टनांत घेऊन ५० ने भागा, त्याचं वर्गमूळ काढा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे सर्व्हिस युनिट. ७८ टनांचं विमान ६०० किलोमीटर गेलं तर ६ × १.२५, म्हणजे ७.५ युनिट. ३०० टनांचं विमान तेवढंच गेलं तर ६ × २.४५, म्हणजे १४.७. वजन जवळपास चौपट, बिल जेमतेम दुप्पट. कंट्रोलरच्या पडद्यावर मात्र दोन्ही एकेकच ठिपका.

म्हणून एकूण युनिटांना उड्डाणांच्या संख्येने भागून बघा. उड्डाणं तेवढीच असून हे गुणोत्तर वाढलं, तर कंपनीने काही वेगळं केलेलं नाही. लांबची, जड विमानं वाढली आहेत. अटलांटिक महासागरावरचं शॅनविक हे हवाई क्षेत्र यात धरू नका. तिथली आकारणी दर उड्डाणामागे ठरावीक असते.

सगळ्यात जास्त गफलत होते ती वाहतूक-जोखमीच्या वाटणीत. सर्वसाधारण नियम असा: अंदाजापेक्षा वाहतूक २ टक्क्यांपर्यंत कमी झाली तर सगळा फटका कंपनीचा. २ ते १० टक्क्यांमधल्या तुटीतला ७० टक्के भाग पुढे दर वाढवून वसूल होतो. १० टक्क्यांपलीकडचं सगळंच वसूल होतं. अपेक्षित उत्पन्न १०० पौंड धरा आणि वाहतूक ८ टक्के घटली असं समजा. तूट ८ पौंडांची. पहिले २ पौंड गेले, उरलेल्या ६ मधले ४.२० दोन वर्षांनी परत येणार. खरा तोटा ३.८० पौंड. या नियमाने तो ४.४० च्या वर जातच नाही. वाहतूक अंदाजापेक्षा वाढली तर हेच उलट, जादा पैसे परत करायचे. (कोविडचा खड्डा याला अपवाद: ती वसुली वेगळी ठरवून बऱ्याच वर्षांवर पसरली.) त्यामुळे उत्पन्न वाढलेलं दिसलं की टिपांमध्ये नियामक करारानुसार येणं असलेल्या रकमा शोधा आणि दोन वर्षांपूर्वीची वाहतूक पडताळा.

खर्चात सर्वात मोठा वाटा माणसांचा. एकूण खर्च भागिले सर्व्हिस युनिट हा आकडा काढाच, पण खाली आला म्हणून लगेच खूश होऊ नका. कंट्रोलर तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. या वर्षी प्रशिक्षणार्थी कमी घेतले तर खर्च आत्ता घटतो आणि उशीर नंतर वाढतो. जुन्या पेन्शन योजनेची शिल्लक किंवा तूट बाजारातल्या व्याजदराने मोठाली हलते. तिचा कामगिरीशी संबंध नाही, बाजूला काढा.

उशीर वाचताना कारणाचं अक्षर बघा. युरोकंट्रोल या युरोपातल्या हवाई वाहतूक संस्थेच्या यादीत सी म्हणजे क्षमता, एस म्हणजे मनुष्यबळ, टी म्हणजे यंत्रणा, डब्ल्यू म्हणजे हवामान. पहिली तीन कंपनीच्या खात्यात धरा, चौथं नको. सरासरी सेकंदांवर थांबू नका. वर्षभराची सरासरी एका दिवसाचा विचका लपवते.

२८ ऑगस्ट २०२३ चं घ्या. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका फ्लाइट प्लॅनमध्ये डीव्हीएल हे एकच सांकेतिक नाव असलेले मार्गावरचे दोन बिंदू होते, एक फ्रान्समधलं दोव्हिल, दुसरा अमेरिकेतला डेव्हिल्स लेक. फ्लाइट प्लॅन वाचणाऱ्या नॅट्सच्या प्रणालीला मार्ग सुसंगत लावता आला नाही, ती सुरक्षित राहण्यासाठी बंद पडली. पर्यायी प्रणालीनेही तोच प्लॅन वाचला आणि तीही बंद पडली. सात लाखांहून अधिक प्रवाशांना फटका बसला. मार्च २०२४ च्या नफा-तोटा पत्रकात या दिवसाची खरी किंमत शोधाल तर सापडणार नाही, कारण प्रवाशांच्या हॉटेल आणि जेवणाची बिलं विमान कंपन्यांनी भरली. ती त्यांच्या अहवालांत आहेत. नॅट्सची ४२ टक्के मालकी ज्या एअरलाइन ग्रुपकडे आहे, त्याच्या भागधारकांत काही विमान कंपन्याही आहेत.