धुकं मळकट दिसू नये म्हणून

हरिश्चंद्रगडावर काढलेला धुक्याचा एक फोटो माझा फार लाडका आहे. कोकणकड्याची कड जेमतेम दिसते, बाकी सगळं पांढुरकं. पण माझ्या फोटोंच्या साइटवर चढवला आणि धुकं मळकट दिसायला लागलं. फोटोत काही बिघडलं नव्हतं. मागे पानाचा शुभ्र पांढरा होता आणि त्याच्या शेजारी धुक्याचा पांढरा करडा ठरत होता.

म्हणून फोटोंच्या साइटचं बॅकग्राउंड, म्हणजे पानाचा रंग, ठरवायला बसाल तेव्हा रंगांचा तक्ता नंतर उघडा, आधी आपले फोटो काढा. सगळ्यात उजळ, सगळ्यात काळोखा आणि एक चेहऱ्याचा, एवढे तीन पुरतात. माझे तीन म्हणजे हे धुकं, त्रिपुरी पौर्णिमेच्या पंचगंगा घाटावरच्या पणत्या आणि हळद लागलेली नवरी. तिन्ही फोटो पांढऱ्या, गडद करड्या आणि पूर्ण काळ्या पानावर ठेवून बघा. पणत्यांच्या फोटोत पायरीवर एक आजी बसल्यात. पांढऱ्या पानावर त्या जवळपास नाहीशाच होतात, कारण भोवतीच्या उजेडाने डोळे दिपतात. गडद करड्यावर त्यांच्या लुगड्याचा काठही ओळखू येतो. पूर्ण काळ्यावर मात्र फोटोची कडच हरवते, रात्रीचं आभाळ आणि पान एक होऊन जातं. मी शेवटी गडद करडा घेतला: हेक्स कोडमध्ये (लाल, हिरवा, निळा किती ते प्रत्येकी दोन जागांत सांगणारी रंगाची खूण) सहाही जागी २.

करडा निव्वळ करडाच हवा, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे सारखे. निळसर झाक असली की शेजारची त्वचा आहे त्यापेक्षा पिवळी वाटते, आणि हळदीच्या फोटोत तर ते लगेच जाणवतं. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत काळं सूत फिकं दिसतं अशी तक्रार होती. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने शोध घेतला तेव्हा दोष सुताच्या रंगाईत नव्हता, शेजारच्या रंगांत होता. त्याने हे सविस्तर मांडलं १८३९ साली. पैठणी विणणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता अक्षरं. वेबच्या सुलभतेचे नियम साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पान यांच्या उजळपणातला फरक, मागतात, मोठ्या ठळक अक्षरांना ३ ला १ चालतो. काळ्यावर पांढरं म्हणजे २१ ला १, पण लांब मजकूर वाचताना ते डोळ्यांत घुसतं. माझ्या करड्यावर मी सहाही जागी डी असलेला मवाळ पांढरा वापरतो. तो साधारण ११ ला १ च्या पुढे जातो. मध्यम करड्या पानाच्या मोहात पडू नका. फोटोंना तो न्याय देतो, पण सहाही जागी ७ असलेल्या करड्यावर पांढरी अक्षरं ४.५ च्या जरा खालीच राहतात आणि काळी जेमतेम वर.

मरून रंगाच्या पानावर सोनेरी नावं हवीत, असं लग्नाची मंडळी हमखास सांगतात. तो थाट पत्रिकेत ठेवा. साइटवर रंगीत फक्त एकच गोष्ट असू द्या, संपर्काचं बटण.

सगळं जमलं की फोन घेऊन भर दुपारी अंगणात जा. माझ्या मावशीने तिथेच विचारलं होतं, "अरे, फोटोखाली काही लिहिलंयस का?" कॅप्शन मी नाजूक करड्यात ठेवली होती. त्याच संध्याकाळी ती उजळ केली आणि अक्षरं दोन पॉइंटांनी वाढवली.