इंदूरहून नाटक दौऱ्यावर न्यायचंय? तयारी अशी करा

इंदुरात प्रयोग रंगला की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी म्हणतं, "हे नाटक पुण्याला न्यायला हवं." मग ग्वाल्हेर, बडोदा, नाशिक अशी नावं निघतात आणि तालमीच्या खोलीत चहा होईपर्यंत दौरा ठरलेला असतो. आमच्या हौशी संस्थेच्या दौऱ्यांची व्यवस्था मी बरीच वर्षं सांभाळते. त्यावरून एक गोष्ट आग्रहाने सांगते: नाटक आधी सगळ्यात लहान रंगमंचावर बसवून बघा, तारखा त्यानंतर घ्या.

हे मी पहिल्याच दौऱ्यात शिकले. आयोजक फोनवर म्हणाले होते, "स्टेज मोठं आहे, काळजी करू नका." पोचलो तेव्हा दुपारचे ३ वाजले होते आणि स्टेजची खोली होती जेमतेम १६ फूट. आमचा जिना मागच्या पडद्यात घुसला. जिन्यावरून उतरत बोलायचा संपूर्ण प्रवेश पहिल्या घंटेच्या दोन तास आधी सपाट जमिनीवर बसवावा लागला. नटांनी तो निभावला, पण त्या रात्री प्रेक्षकांनी जे पाहिलं ते आमचं नाटक नव्हतं.

पहिलं काम: नाटक मोजा

नेपथ्याचा आराखडा चौकटीच्या कागदावर काढा आणि कोणत्या वस्तूशिवाय नाटक उभंच राहणार नाही, ते ठरवा. दार लागतंच का? माडी लागतेच का? दोन आराखडे करा, एक पूर्ण आणि एक लहान. मग तालमीच्या खोलीत खडूने लहान रंगमंच आखून त्याच्या आत संपूर्ण तालीम घ्या. हालचालींतले अडथळे तिथेच कळतात.

फ्लॅट (नेपथ्यातल्या भिंतींच्या सुट्या चौकटी) खिळ्यांनी ठोकू नका, नट-बोल्टने जोडा. उंच फ्लॅटला मधोमध बिजागरी लावली तर तो दुमडून टेम्पोत आडवा बसतो. नेपथ्य उभारायला आणि उतरवायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघा. उभारायला चार तास लागत असतील आणि नाट्यगृह प्रयोगाआधी तीनच तास मिळणार असेल, तर काय कमी करायचं ते इंदुरातच ठरवा.

नाट्यगृहाची माहिती लेखी घ्या

रंगमंचाची रुंदी, खोली, वरची उंची. विंगा किती. मागून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाता येतं का (हे विचारायचं हमखास राहतं आणि मग नट प्रयोग चालू असताना इमारतीला बाहेरून वळसा घालून पळत असतात). दिवे किती, डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं) चालू आहेत का, जनरेटर आहे का, हॉल कधी ताब्यात मिळणार आणि कधी रिकामा करायचा. याच्या जोडीला कुणाला तरी मोबाइलवर रिकाम्या रंगमंचाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. मापांत न आलेला खांब त्यात दिसतो.

कागदपत्रं

महाराष्ट्रात प्रयोग करायचा असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या तिथल्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं. मध्य प्रदेशात या मंडळाशी संबंध येत नाही, म्हणून आपल्याकडच्या संस्थांच्या हे ध्यानात राहत नाही. नाटक आधी महाराष्ट्रात झालेलं असेल तर प्रमाणपत्राची चौकशी लेखकाकडे किंवा मूळ संस्थेकडे करा. नवी संहिता असेल तर दौऱ्याच्या निदान दोन-तीन महिने आधी कामाला लागा.

लेखकाची परवानगीही लेखी हवी, आणि त्यात गावं व प्रयोगांची संख्या यायला हवी. इंदूरच्या प्रयोगापुरती घेतलेली परवानगी दौऱ्याला पुरत नाही. लेखक हयात नसले तरी त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. पार्श्वसंगीतात कुणाचं ध्वनिमुद्रण वापरत असाल तर त्याचीही परवानगी बघा. सगळ्यात उत्तम म्हणजे आपल्याच गावातल्या संगीतकाराकडून नवं संगीत करून घ्या.

रस्ता आणि सामान

गावांचा क्रम नकाशा समोर ठेवून लावा. आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधवा, धुळे, नाशिक आणि पुढे पुणे ही सरळ ओळ आहे. ग्वाल्हेर अगदी उलट दिशेला आणि बडोदा पश्चिमेला, म्हणून ही दोन्ही गावं वेगळ्या दौऱ्यात घ्या. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात ट्रक अडकले की तास-तास जातात. त्यामुळे टेम्पो प्रयोगाच्या आदल्या दिवशीच मुक्कामी पोचला पाहिजे. टेम्पोसोबत संस्थेच्या पत्रावर सामानाची किमतीसह यादी द्या आणि सामान विक्रीसाठी नाही असं त्यात लिहा. यादीतली किंमत ५०,००० रुपयांच्या वर जात असेल तर ई-वे बिलाबद्दल (मालवाहतुकीसाठीचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) आपल्या कर सल्लागाराशी आधीच बोला.

मंडळी रेल्वेने जात असतील तर पेटारे मापात करून घ्या. स्लीपरमध्ये माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं आणि पेटीची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटीमीटर आहे. थर्ड एसीत ती ५५ × ४५ × २२.५ सेंटीमीटर इतकी लहान होते. त्याहून मोठं सामान ब्रेक व्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) बुक करावं लागतं. वेशभूषा, दागिने आणि ध्वनीचे दोन पेन ड्राइव्ह टेम्पोत कधीच टाकू नका, ते नटांबरोबर राहू द्या. टेम्पो अडकलाच तर दोन खुर्च्यांवरही प्रयोग होऊ शकतो.

भाषा

यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा जास्त लिहिते. आपलं मराठी माळव्यात वाढलेलं आहे. त्यात हिंदीची लय आहे, आणि मला ती फार प्रिय आहे. पुण्याचे प्रेक्षक काय म्हणतील या भीतीने ती पुसून टाकू नका. पात्र इंदूरचं असेल तर त्याने इंदूरचंच बोलावं. पात्र सदाशिव पेठेतलं असेल तर मात्र उच्चारांवर महिनाभर वेगळं काम करा.

दुसरं म्हणजे हशा. 'भिया' (आपल्याकडचं 'भैया') म्हटल्यावर किंवा सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीचा उल्लेख आल्यावर इंदुरात जो हशा येतो, तो नाशकात येणार नाही. नट सवयीने तिथे थांबतो, समोर शांतता असते आणि तो गडबडतो. शेवटच्या आठवड्यात इंदूरबाहेर वाढलेल्या पाच-सहा मराठी माणसांना तालमीला बोलवा. ते कुठे हसत नाहीत, ते टिपून घ्या आणि तिथली थांबण्याची जागा काढून टाका. वाक्य बदलायची गरज बहुधा पडत नाही.

माणसं

नोकरदारांच्या रजा आणि मुलांच्या परीक्षा तारीख देण्यापूर्वी विचारा. मोठ्या भूमिकांपैकी निदान दोन भूमिका पाठ असलेला एक जास्तीचा माणूस सोबत हवा. एरवी तो बॅकस्टेज सांभाळेल.

ग्वाल्हेर-बडोद्याची मराठी घरं नाटकवाल्यांना पोटच्या मुलांसारखं ठेवून घेतात. ग्वाल्हेरला दालबाजारच्या नाट्यमंदिरात प्रयोग करून आलेल्या माणसाला विचारा. पण याच पाहुणचारात रात्री दोनपर्यंत गप्पा होतात आणि सकाळी आवाज बसलेला असतो. मी आता काकूंना आधीच प्रेमाने सांगून ठेवते: "काकू, आज मुलांना दहाला झोपू द्या. उद्या प्रयोग झाल्यावर तुम्ही म्हणाल तोवर बसू." त्या कधी रागावत नाहीत. उलट सकाळी गरम पाण्याचा थर्मास हातात देतात.

पैसे

मानधन ठरवताना घर सोडल्यापासून परत येईपर्यंतचा खर्च धरा आणि वर दहा टक्के ठेवा. निम्मी रक्कम तारीख देताना, उरलेली तिसऱ्या घंटेआधी. हे बोलायला संकोच वाटतो, म्हणूनच ते पत्रात लिहा.

प्रयोगानंतर

प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाका आणि यादी दोघांकडे द्या. पडदा पडल्यावर लोक आत भेटायला येतात, फोटो होतात, डोळे भरून येतात. तेवढ्यात त्या दोघांपैकी एकाने टेम्पोच्या दाराशी उभं राहून क्रमांक वाचायचे आणि दुसऱ्याने आतून "आला" म्हणायचं. शेवटचा क्रमांक येईपर्यंत टेम्पोचं दार लावायचं नाही.